कोकणातला पावसाळा आणि परवान्याची बंदूक: वर्षभराची निगा

बारा बोरची दुनळी बार काढून खराब होत नाही, घरात पडून खराब होते. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ज्या बंदुका आहेत, त्यांतल्या बहुतेकींचे वर्षभरात मोजकेच बार निघतात. भात पोटरीला आलं की रानडुकरं पळवायला, नारळ-काजूच्या बागेत वानरांना हुसकायला हवेत एखादा बार, की झालं. बाकीचा सगळा काळ ती कपाटात, माळ्यावर, नाहीतर माजघराच्या कोपऱ्यात उभी. आणि तरीही दुरुस्तीला जाणाऱ्या बंदुकीच्या नळीला आतून खड्डे पडलेले असतात, घोडा अडकत असतो, दस्त्याचं लाकूड काळं पडून मऊ झालेलं असतं. जांभ्याच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरतात, किनाऱ्याजवळ हवेत मीठ असतं आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून चाला: इथे लढाई पाण्याशी आहे. तेल हे त्यातलं एक हत्यार, तेही नीट वापरलं तर.

घरी काय करायचं, काय नाही

पुसणं, तेल देणं, नळी साफ करणं, लाकूड चकचकीत करणं, एवढं मालकाचं काम. त्यापलीकडची दुरुस्ती परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदूक बनवण्याइतकंच तिची दुरुस्ती आणि तिच्यात बदल करणं यालाही परवाना लागतो. नळी कापून आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. नळीवरचा किंवा पेटीवरचा (पेटी म्हणजे नळीमागचा, यंत्रणा बसवलेला धातूचा भाग) नंबर घासून पुसट करणं हाही गुन्हाच. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण गंज घासताना पॉलिश पेपर नेमका तिथेच फिरतो. नंबराची जागा आधी चिकटपट्टी लावून झाकायची, मग कामाला हात घालायचा.

आणि शिकार. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली ती बंद आहे. शेताची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. गावात अजून ज्येष्ठ मंडळी हा फरक मानत नाहीत, पण पंचनामा झाला की फॉरेस्टवाले मानतात.

सामान

फार लागत नाही. बारा बोरचा तीन तुकड्यांचा लाकडी किंवा पितळी गज, फॉस्फर ब्राँझच्या तारांचा गोल ब्रश, लोकरी मॉप, जुन्या मलमलच्या धोतराच्या चिंध्या, जुने टूथब्रश, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची बारीक स्टील वूल, टर्पेंटाइन, हलकं बंदुकीचं तेल, थोडं घट्ट ग्रीस. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं खनिज तेल चालतं. पोलादी तारांचा ब्रश नळीत कधीच घालायचा नाही.

आता खोबरेल तेलाबद्दल. कोकणात घरोघरी तेच वापरतात, कारण ते हाताशी असतं. खाण्याची तेलं हवेशी मिळून चिकट होतात आणि त्यांचा थर कुलपात, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेत, साचतो. शिवाय खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. पौषातल्या पहाटे बाटलीत जे दिसतं तेच स्प्रिंगभोवती होतं. घोडा संथ पडतो, काडतुसाच्या बुडातल्या, बार पेटवणाऱ्या टोपीवर टिचका कमी बसतो, आणि दोष काडतुसाला दिला जातो. स्प्रे कॅनमधली पाणी हटवणारी द्रव्यं भिजलेल्या बंदुकीवर पहिल्या अर्ध्या तासासाठी उत्तम. वर्षभराचं तेल म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, ती उडून जातात.

खोलण्याआधी

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर एकही नको. तोंड भिंतीकडे धरून बंदूक मोडा, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडा, काडतूस बसतं ती दोन्ही घरं डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. दिवसा उजेडीसुद्धा बोट घालायचंच. घरातलं दुसरं कोणी मध्येच येऊन बंदूक उचलून गेलं, तर परत हातात आल्यावर हीच तपासणी पहिल्यापासून.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीला घर उघडून पाहायची सोय नाही, म्हणून तिथे गजाचा उपयोग करतात. घोड्याखालची केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, काढा. गज तोंडातून टेकेपर्यंत आत सोडा, तोंडाशी चिमटीत धरून खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहा. खूण तोंडाला जुळवल्यावर गजाचं टोक केपेच्या छिद्राच्या जवळपास पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडे थांबत असेल तर आत दारू आणि छर्रे आहेत. अशी भरलेली बंदूक सापडली तर ठोकून, उकरून, गरम करून काही काढायला जाऊ नका. तोंड मोकळ्या दिशेला ठेवा, कुलूपबंद करा आणि दुरुस्तीवाल्याला गाठा. आजोबांच्या पश्चात वारसाने परवाना नावावर करून घेतलेल्या बंदुकांत असं प्रकरण निघतं, त्यामुळे ही तपासणी वारसाने पहिल्याच दिवशी करावी.

दुनळीची नळी

आधी पुढचा लाकडी तुकडा काढायचा, नंतर वरची खीळ दाबून बंदूक मोडायची आणि नळ्या आकड्यावरून उचलून घ्यायच्या. जोडताना उलट क्रम. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय.

नळ्या दारात नेऊन आकाशाकडे धरा आणि एकेका नळीतून पाहा. साफ करण्याआधीच पाहायचं. प्रकाशाची वर्तुळं एकसारखी, एकात एक दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ कुठे मोडलं तर तिथे नळीला पोचा आहे. पोचा आलेल्या नळीतून बार काढायचा नाही, मग तो पोचा कितीही लहान दिसो.

गज नेहमी काडतुसाच्या घराकडून घालून तोंडाकडे न्यायचा. कोरड्या चिंधीने आधी जळकट काढा. मग ब्रशला टर्पेंटाइन लावून दहा-बारा फेऱ्या मारा. घराच्या पुढे नळी निमुळती होते तिथे आणि तोंडाजवळ चोक (नळीचा मुद्दाम अरुंद केलेला भाग) असतो तिथे शिसं साचतं. त्या दोन जागांवर जास्त वेळ द्या. पुन्हा कोरडी चिंधी, पांढरी निघेपर्यंत. आता परत प्रकाशात बघा. चमकदार पोलादात काळे ठिपके अजून उरले असतील तर ते जळकट नव्हे, गंजाचे खड्डे. ते घासून जात नाहीत. खोलवर आहेत की वरवर, हे दुरुस्तीवाल्याने सांगायचं.

शेवटी मॉपला तेलाचे चार थेंब देऊन दोन्ही नळ्यांतून फिरवा. ओघळ दिसता कामा नये. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण हा समज दस्त्याच्या मुळावर येतो, ते पुढे येईलच. आणि पुढच्या वेळी बार काढायच्या आधी कोरडी चिंधी फिरवून हे तेल पुसून घ्यायचं.

नळ्या हातात सुट्या आहेत तोवर आणखी दोन परीक्षा करून घ्या. नळ्या खालच्या आकड्यातून दोरीने टांगून लाकडी दांड्याने हलकं टिचकवा. घंटेसारखा लांब नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा झाळलेला जोड कुठेतरी सुटलाय. त्या फटीत शिरलेलं पाणी कुठल्याही चिंधीने निघत नाही. दुसरी परीक्षा: पुढचा लाकडी तुकडा न लावता बंदूक जोडा, मुठीशी धरून कानाजवळ हलवा. खडखड ऐकू आली किंवा नळी आणि पेटीच्या मधून प्रकाश दिसला तर जोड सैल आहे.

गंज

वरवरचा तांबूस गंज असेल तर तेलात बुडवलेली बारीक स्टील वूल हलक्या हाताने फिरवा, पुसा, पुन्हा फिरवा. कोरडी कधी घासू नका. पोलादावरचा निळा-काळा रंग म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि तोच नळीचं कातडं. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा कोकमाने लखलखीत निघतात म्हणून बंदुकीवर तो प्रयोग करणारे लोक आहेत. आम्ल गंज खातं हे खरं, पण निळा रंग त्याहून आधी खातं. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायची द्रव्यं, दुकानातलं गंज काढायचं द्रावण, या सगळ्यांना तोच नियम.

पापुद्रे धरलेला गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा, तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने पापुद्रा उचला. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा येत नाही.

ठासणीची बंदूक: इथे तेल नव्हे, गरम पाणी

काळ्या दारूचं जळकट हवेतलं पाणी ओढतं. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते तेलात विरघळत नाहीत. जळकटावर तेल लावलं की गंज तेलाखाली सुखाने वाढतो. म्हणून बार काढला त्याच दिवशी, झोपायच्या आधी, पाण्याने धुवायची.

नळी खिळीवर बसवलेली असेल आणि सहज सुटत असेल तर लाकडापासून वेगळी करा. केप बसते ते निप्पल योग्य चावीने काढा. पकडीने नाही, आणि हललं नाही तर सोडून द्या. बादलीत साबणाचं गरम पाणी घेऊन नळीचं मागचं टोक त्यात बुडवा. गजाला घट्ट चिंधी गुंडाळून वर-खाली करा. छिद्रातून पाणी आत ओढलं जातं आणि काळंभोर होऊन परत निघतं. पाणी बदला, स्वच्छ निघेपर्यंत चालू ठेवा. शेवटचं पाणी जवळजवळ उकळतं घ्यायचं, म्हणजे नळीच तापते आणि आतून आपोआप वाळते. जाड फडक्याने धरा. कोरड्या चिंध्या फिरवा, नळी कोमट असतानाच तेल द्या. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी घालून बघा. तांबूस डाग आला तर धुणं अपुरं राहिलंय, पुन्हा एकदा करा.

दस्ता

लाकूडकाम हा यातला सगळ्यात रमायचा भाग. चांगल्या दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं असतं. जुन्या बंदुकीवर मात्र ते काळंकुट्ट आणि तेलकट दिसतं, विशेषतः पेटीच्या मागे. याचं कारण बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवलेली असते. नळीतलं, कुलपातलं जादा तेल हळूहळू खाली उतरतं आणि लाकडाच्या उघड्या तोंडातून आत मुरतं. तेलाने भिजलेलं लाकूड मऊ होतं, पेटीच्या मागे चीर जाते. त्यामुळे तेल दिल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस बंदूक तोंड खाली करून, जाड कापडावर टेकवून उभी करायची. एवढी एक सवय दस्त्याचं आयुष्य कितीतरी वाढवते.

मुरलेलं तेल काढायला खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून जाडसर लेप करा, काळ्या भागावर लावा, वाळू द्या. पूड तेल ओढून पिवळट होते. झटकून काढा, पुन्हा लावा. घाईचं काम नाही. काही दस्त्यांना आठवडाभर लेप लावत राहावं लागतं. चीर आधीच गेली असेल तर ती चिकटवायच्या भानगडीत पडू नका. बाराचा धक्का नेमका तिथेच बसतो.

पोचे काढायला ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवून त्यावर गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. फडकं पुन्हा ओलं करून पुन्हा. लाकूड कापून गेलं असेल, म्हणजे तंतू तुटले असतील, तर हा उपाय लागू नाही. मुठीवरची नक्षी टूथब्रश आणि टर्पेंटाइनने साफ करायची. तिथे पॉलिश पेपर लावला तर नक्षीच जाते. धातूला लागून असलेल्या लाकडाच्या कडाही घासायच्या नाहीत, नाहीतर लाकूड खाली बसतं आणि पेटी वर डोकावते. जुन्या बंदुकीवर हौशी हात फिरलाय हे ओळखायची हीच खूण.

आता जवसाचं तेल. कच्चं जवसाचं तेल दमट हवेत वाळायला आठवडे घेतं, म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं घ्या. आणि हे काम मार्च ते मे मध्येच करा, पावसाळ्यात ते चिकटच राहतं. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ करा. पंधरा मिनिटं मुरू द्या, उरलेलं सगळं पुसून काढा. पुसून काढणं हेच खरं काम. एक दिवस वाळवा. पुढचे हात बिनपातळ तेलाचे, पण बोटाच्या टोकावर मावेल इतकेच थेंब, तळव्याने घासून ऊब येईपर्यंत चोळायचे. पाच-सहा हातांनंतर लाकडाला आतून उजळणारी झळाळी येते. ती पॉलिशच्या डब्यातून मिळत नाही. दस्त्याच्या मागची पट्टी काढून तिथल्या उघड्या तोंडालाही दोन-तीन हात द्या, कारण पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. काम संपल्यावर त्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणात दोरीवर एकेक सुटी पसरून पूर्ण वाळवा.

पावसाळ्यात कुठे ठेवाल

कॅन्व्हासच्या किंवा चामड्याच्या पिशवीत तर नकोच. पिशवी वाहून न्यायला असते. घरात ती ओल धरते आणि चामडं कमावताना वापरलेले क्षार पोलादाला चावतात. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाटही टाळा. आतल्या भिंतीचं, जमिनीपासून वीतभर वर असलेलं, कुलपाचं लाकडी किंवा लोखंडी कपाट घ्या. काडतुसांना वेगळं कुलूप, आणि किल्ल्या घरातल्या मुलांना माहीत असलेल्या खुंटीवर नकोत.

जुन्या घरांत कपाटाच्या तळाशी पंधरा-पंचवीस वॅटचा साधा बल्ब लावून ठेवायची पद्धत होती. त्यात शास्त्र आहे. आतली हवा दोन-तीन अंश गरम राहिली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. एलईडी बल्बला ही उष्णता नसते, त्यामुळे बल्ब बदलून पैसे वाचवले की कपाट पुन्हा ओलं. वीज जाते अशा गावात सिलिका जेल बरं. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले, मग एकशे दहा-वीस अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून पुन्हा निळे करून वापरता येतात. दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात टांगा. काटा पंचावन्नच्या खाली राहिला तर निश्चिंत राहा.

जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बंदूक बाहेर काढून, हातात सुती मोजे घालून, तेलाच्या फडक्याने वरून पुसायची. बोटांच्या घामातल्या मिठाने दोन दिवसांत ठसे उमटतात, तेही तांबूस.

खंडेनवमीला बंदूक पूजेत असते. गंध, ओलं कुंकू, फुलं, कुठे कुठे पंचामृताचा शिंतोडा. पूजा करावीच, पण रात्री निर्माल्य काढताना बंदूकही पुसावी. गंध म्हणजे पाणीच, आणि नळीला चिकटलेली झेंडूची पाकळी दसऱ्यापर्यंत राहिली तर तिच्या आकाराचा डाग उमटतो. गंध दस्त्याच्या लाकडाला लावलं तर देवही रागावणार नाही.

काडतुसं

बारा बोरची भारतीय काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येतात. कागदी नळकांड्याची जुनी उरली असतील तर ती ओलाव्याने फुगतात आणि घरात अडकतात. फुगलेलं, पितळेवर हिरवट आलेलं काडतूस वापरू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे परत द्या. घरी फोडायचं नाही.

जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन दुनळ्यांची घरं बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची असतात, आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. धोका असा की न उडवलेलं ७० चं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने ६५ च्या घरात बिनबोभाट बसतं. उडवल्यावर दुमड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. नळीच्या खालच्या सपाट भागावर घराची लांबी आणि चाचणीचे शिक्के असतात, ते भिंगातून पाहून वहीत उतरवून ठेवा. नळीवर नागमोडी वेलबुट्टीसारखे पट्टे असतील तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी. तिच्यातून आधुनिक काडतूस उडवायचं नाही, तज्ज्ञाने तपासून लेखी दिल्याशिवाय तर मुळीच नाही.

निवडणुकीत जमा करताना

आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून जमा करायची नोटीस येते. कोणाची जमा करायची हे छाननी समिती ठरवते, तेव्हा शेती ऐन पिकात असेल तर अर्ज द्यायचा हक्क आहे. जमा करायचीच असेल तर आदल्या दिवशी नळीत आणि बाहेरून नेहमीच्या तेलाऐवजी ग्रीसचा पातळ हात द्या. ठाण्याच्या खोलीत ती इतर पंचवीस बंदुकांना टेकून महिना-दोन महिने उभी राहणार, पंधरवड्याला कोणी पुसणार नाही. दोन्ही बाजूंचे, नंबराचे आणि दस्त्यावरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो काढा. पिशवी देऊ नका, सुटी द्या, तोंडाला कापडाची सैल पट्टी बांधा. पावतीवर नंबर आणि सोबत काय काय दिलं ते लिहून घ्या.

परत घेताना पावती फाडायच्या आधी तिथेच, उजेडात, नंबर परवान्याशी जुळवा, बंदूक मोडून नळीतून पाहा. घरी आल्यावर ग्रीस टर्पेंटाइनने धुऊन काढा. उन्हाळ्यात तो थर वाळून घट्ट झालेला असतो आणि त्यावरच बार काढला तर नळीत अडथळा होतो.